काटेखारचं जिवंत टपाल

पनवेलच्या टपाल कचेरीत आनंदा घरतला पोस्टमन म्हणून एकवीस वर्षं झाली होती आणि या एकवीस वर्षांत त्यानं काटेखारला एकंदर चौदा पत्रं पोचवली होती. चौदाही वेळा परत आल्यावर त्यानं कानाला खडा लावला होता.

काटेखार म्हणजे रोडपालीच्या पुढं खाजणाच्या, खाऱ्या दलदलीच्या, पोटात शिरलेलं त्रेसष्ट घरांचं गाव. तिथं जायला दीड कोसाचा मातीचा बांध. तो बांध तीन ठिकाणी फुटलेला. त्या फुटक्या जागांना लोक खांडी म्हणत. भरतीला खांडीत छातीएवढं पाणी आणि ओहोटीला मांडीएवढा चिखल. माणसानं यातलं काय आवडतं ते ठरवायचं आणि त्या वेळेला निघायचं. खांडींवर निदान फळ्या तरी टाका, असा अर्ज गाव बारा वर्षं करत होतं. दर वेळी उत्तर एकच यायचं, की सदर वाटेवर रहदारी आढळून येत नाही. आता ती आढळणार कशी? पाहणीचे साहेब यायचे ते भरतीच्या वेळी, आणि भरतीला रहदारी गावात अडकून पडलेली असायची.

हे असंच चाललं असतं. पण सत्तावन्न साली संक्रांत झाल्यावर हौसा म्हात्रे मधल्या खांडीत पडली.

हौसा काटेखारची चिंबोरीवाली, खेकडे विकणारी. पन्नाशीची, काटक, बोलायला कुणाला न हटणारी. डोक्यावर चिंबोऱ्यांची पाटी घेऊन रोज पनवेलच्या बाजारात यायची. त्या दिवशी पाय सरकला, पाटी उलटली आणि चिंबोऱ्या सुटल्या. हौसा कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून बघत राहिली.

"त्या चालत गेल्या, आनंदादादा," ती नंतर सांगायची. "मला जिथून चालता येत नाय, तिथून त्या चालत गेल्या. एकीनं मागं वळून पण बघलं नाय."

रिकामी पाटी घेऊन ती पनवेलला आली आणि बद्रुद्दीनच्या ओट्यावर येऊन बसली. बद्रुद्दीन बावीस वर्षं आगबोटीवर खलाशी होता. आता मोहल्ल्यातल्या घरी बसून लोकांची पत्रं लिहून द्यायचा. त्याला इंग्रजी येत होतं, आणि कुठल्याशा बंदरात एका गोऱ्या माणसानं दिलेला एक पत्ता त्यानं जपून ठेवला होता. जागतिक ग्रामीण दळणवळण स्नेहमंडळ असं त्या संस्थेचं नाव. ज्यांच्या गावाला धड वाट नाही अशा लोकांनी एकमेकांना पत्रं लिहायची आणि आपण काय करतो ते सांगायचं, एवढंच तिचं काम.

"मेंबर व्हायला काय लागतं?" हौसानं विचारलं.

"काय नाय. एकच कायदा हाय. खत आलं की जवाब द्यायचा. चुकवायचा नाय."

हौसाला कायदा सोपा वाटला. तिनं सांगितलं आणि बद्रुद्दीननं लिहिलं: आमच्या गावात त्रेसष्ट घरं आहेत. बैल आहेत, पण ते बांधावरून येत नाहीत, त्यांना आमच्याहून जास्त समजतं. येतं-जातं ते सगळं बायकांच्या डोक्यावरून. वाट अर्धा दिवस पाण्याखाली असते. तुमच्याकडे काय करतात?

पाच आठवड्यांनी पहिलं पत्र आलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी सात आली. पुढच्या सोमवारी एकतीस.

आनंदानं ती एकतीस पत्रं थैलीत भरली, थैली डोक्यावर घेतली, चपला हातात घेतल्या आणि तिन्ही खांडी पार करून हौसाच्या दारात पोचला. हौसानं ती सगळी पत्रं घेतली, चिंबोऱ्यांच्या पाटीत वरच्या बाजूला रचली, पाटी डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "चल."

"कुठं?"

"पनवेलला. मला थोडंच वाचता येतंय? बद्रूभाय वाचणार."

आणि आनंदानं नुकती जिथून आणली होती तिकडंच ती पत्रं त्याच्यासोबत परत निघाली.

आठवडाभर असं झाल्यावर आनंदा पोस्टमास्तर पेठ्यांसमोर उभा राहिला. पेठे मास्तर सडसडीत, गोरे, नाकावर चष्मा. टपालाचे नियम त्यांना रामरक्षेसारखे पाठ. माणूस वाईट नव्हता, पण पत्त्याबाहेर जात नसे.

"मास्तर, हौसाबाय रोज बाजारात येते. बद्रूभायच्या वट्यावर बसते. पत्रं तिथंच दिली तर?"

"पत्त्यावर काय लिहिलंय?"

"काटेखार."

"मग काटेखार."

"पण ती वाचायला इकडंच आणते."

"पोचवल्यानंतर पत्राचं काय करावं हा पत्र घेणाऱ्याचा प्रश्न आहे, आनंदा. आपलं काम पोचवण्याचं. ते पनवेलमध्ये पोचवलं तर काटेखारला काहीच पोचलं नाही असं होईल."

यावरची उत्तरं आनंदाला नंतर बांधावर बरीच सुचली, पण तिथं ऐकायला फक्त बगळे होते.

पत्रं मात्र मजेची असायची. ऐकल्याशिवाय आनंदाला राहवेना, म्हणून परत आल्यावर तोही बद्रुद्दीनच्या ओट्यावर टेकू लागला. पेरू नावाच्या देशातल्या डोंगरावरून एकानं लिहिलं होतं, की त्याच्याकडे मेंढरासारखं एक लांब मानेचं जनावर आहे; ओझं जास्त झालं की ते खाली बसतं आणि थुंकतं. तुमच्याकडे ओझं जास्त झालं तर बायका काय करतात? हौसानं उत्तर दिलं, की बसायला आमच्याकडे कोरडी जागा नाही. आयर्लंडातल्या एका बेटावरची म्हातारी गाढवाला होडीमागं पोहायला लावायची. जावाच्या एका शेतकऱ्यानं खांद्यावरच्या कावडीचं चित्र काढून पाठवलं होतं, ते बघून हौसा म्हणाली, "ही तर आपलीच कावड. बिचाऱ्याला वाटलं आमाला ठाव नसंल." तरी तिनं त्याचे आभार मानले. उत्तरं ती मनापासून द्यायची. एका बाईनं बर्फात चाकं रुततात म्हणून लिहिलं, तर हौसानं तिला चिखलात पाय कसा आडवा टाकायचा ते सविस्तर कळवलं.

मग पार्सलं सुरू झाली. फिनलंडहून बर्फावर ओढायची घसरगाडी आली, लाकडाची. आनंदानं ती पाठीला बांधून नेली. खांडीच्या चिखलात ओढून बघितली तर ती नाकानं आत शिरली आणि गावातल्या आठ जणांनी ती उपसून काढली. आता तिच्यावर शिवा पाटलाच्या कोंबड्या बसत. हॉलंडहून तीन तुकड्यांत एक लांब काठी आली. खड्ड्यात काठी रोवून पलीकडं उडी मारायची, अशी तिथली पद्धत. आनंदानं ती पहिल्याच खांडीवर वापरून पाहिली. काठी रुतून उभी राहिली आणि आनंदा तिच्या शेंड्याला, ओहोटी लागेपर्यंत.

तिथं वर लटकल्या लटकल्या त्याच्या मनात आलं, की या मंडळाला काटेखारच्या ओझ्याची एवढी कळकळ आहे, पण काटेखारला सगळ्यात जास्त ओझं कोण वाहतो? त्याच संध्याकाळी तो बद्रुद्दीनला म्हणाला, "माझ्या नावानं एक पत्र लिव."

"काय लिवू?"

"लिव, की मी पोस्टमन. तुमची पत्रं मी डोक्यावरून नेतो. दोन मैल बरी वाट हाय, तीन मैल नाय. माझ्या मानेत कळ येते. कृपा करून पत्रं कमी धाडा."

पत्र गेलं. मंडळाला ते इतकं आवडलं, की त्यांनी आपल्या मासिकात ते पहिल्या पानावर छापलं. ग्रामीण दळणवळणात प्रत्यक्ष काम करणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटला होता. आनंदाला परस्पर मेंबर करून घेण्यात आलं. महिन्याभरात त्याच्या नावानं रोज वीस-पंचवीस पत्रं येऊ लागली: मानेला काय लावावं, थैली कपाळाला पट्ट्यानं कशी अडकवावी, केनियातले हरकारे कसं करतात. आणि मंडळाला त्याचा ठावठिकाणा ठाऊक नसल्यामुळे सगळ्या पत्रांवर पत्ता एकच, आनंदा घरत, द्वारा हौसा म्हात्रे, काटेखार.

आनंदा ती पत्रं घेऊन पेठे मास्तरांकडे गेला. "मास्तर, ही माझीच हायत. इथंच घेऊ?"

मास्तरांनी चष्मा पुसला. त्यांनाही वाईट वाटलं असावं. "काटेखार," ते म्हणाले.

तेव्हापासून आनंदा स्वतःची पत्रं काटेखारला न्यायचा, हौसाच्या ओट्यावर स्वतःला द्यायचा आणि परत आणायचा. रजिस्टर आलं तर तिथं बसून स्वतःची सही घ्यायचा. पहिल्यांदा सही घेताना त्यानं सवयीनं विचारलं, "आनंदा घरत तुमीच ना?" हौसा इतकी हसली, की तिला ठसका लागला. पण आनंदाला हसू आलं नाही. त्याला खरोखर क्षणभर वाटून गेलं होतं, की कुणास ठाऊक.

पावसाळ्याच्या तोंडाशी वरच्या कचेरीत कुणाच्या तरी लक्षात आलं, की परदेशी टपाल अख्ख्या तालुक्याला येतं त्याहून जास्त एकट्या काटेखारला येतं. चौकशीला इन्स्पेक्टर सबनीस आले. टोपी, छत्री, पायात बूट. आनंदा आणि बाजारातून परतणारी हौसा त्यांना बांधावरून घेऊन निघाले. पहिली खांड त्यांनी आनंदाच्या खांद्यावर बसून ओलांडली, दुसरी हौसाचा हात धरून. तिसऱ्या खांडीत ते, छत्री आणि टपालाची थैली तिन्ही गेली.

बाहेर काढल्यावर साहेब आधी थैलीकडे धावले. पत्रं भिजून लगदा झाली होती. त्यांनी एक पाकीट उचललं. त्याच्यावरची शाई त्यांच्या मनगटावरून ओघळली.

"हे चौतीस देशांचं टपाल आहे," ते म्हणाले. "चौतीस देश आपल्याकडे बघतायत, आणि आपण हे चिखलात बुडवतो."

"साहेब," हौसा म्हणाली, "गेल्या साली इथं कमळाबाई बुडाली होती. तिला कुणी बघलं नाय."

"तिचा पत्ता नव्हता ना कुठं," साहेब म्हणाले. ते खवचटपणे बोलले नव्हते. त्यांना तसंच वाटत होतं.

पाऊस सरल्यावर मुरूम आला, गवंडी आले, सागवानी फळ्या आल्या. माघ महिना उजाडायच्या आत तिन्ही खांडींवर भक्कम पूल झाले आणि बांध गाडी जाईल एवढा रुंद झाला. जे माणसांसाठी बारा वर्षांत झालं नाही, ते पत्रांसाठी चार महिन्यांत झालं. गाव रोज काठावर बसून बघायचं. शेवटी एक बैल जुंपलेला लाल छकडा आला. तो हाकायला आनंदा. छकड्याच्या दोन्ही बाजूंना पाटी होती: केवळ टपालासाठी.

पेठे मास्तरांनी त्याला बजावलं. "माणूस बसवलास तर नोकरी जाईल. तुझी पेन्शन चार वर्षांवर आलीय. मला तो कागद लिहायला लावू नकोस."

मग असं सुरू झालं, की आनंदा छकड्यात बसलेला आणि हौसा डोक्यावर पाटी घेऊन बाजूनं चालतेय. बैल तिच्या चालीनं चाले, कारण दोघांना बोलायची सवय झाली होती. पण बोलणं पहिल्यासारखं होईना. पूर्वी दोघांच्या डोक्यावर ओझं होतं. आता आनंदा वरून बोलायचा आणि हौसा पाटीखालून मान तिरकी करून उत्तर द्यायची. तीन दिवसांनी आनंदाही खाली उतरून चालू लागला. छकड्यात पत्रं तेवढी बसायची.

"तू का उतरलास?" हौसानं विचारलं.

"बैलाला ओझं व्हतं."

"खोटं बोलतोस."

"व्हय," आनंदा म्हणाला.

चैत्रात, मिठागरं भरात असताना, तो सकाळी नवाच्या सुमाराला काटेखारला पोचला, तर हौसाच्या दारात बायका जमलेल्या. गावातले गडी पहाटेच खाडीपलीकडं मिठागरावर गेले होते. हौसाची सून वेणू आत कण्हत होती. कृष्णाबाई सुईण हात पुसत बाहेर आली. "मूल आडवं हाय," ती म्हणाली. "माझ्या हातचं नाय. पनवेलच्या दवाखान्यात न्या."

डोलीला चार गडी लागतात. चार गडी गावात नव्हते, आणि आजवर वाटच नसल्यानं गावात दुसरी गाडी नव्हती. सगळ्यांनी छकड्याकडे बघितलं.

आनंदानं छकड्यावरच्या 'केवळ टपालासाठी' या पाटीकडे बघितलं. त्याला पेन्शन दिसत होती आणि मास्तरांचा चष्मा दिसत होता. आतून वेणू ओरडली, तेव्हा त्याला दुसरं काही दिसेनासं झालं.

"आनंदादादा," हौसा शांतपणे म्हणाली. ती इतकी शांत त्यानं कधी पाहिली नव्हती. "टपाल म्हंजे काय रे?"

"म्हंजे?"

"कशाला टपाल म्हणतात तुमच्यात?"

"ज्याला पत्ता हाय अन् तिकीट हाय, ते टपाल."

"तुझ्या पिशवीत तिकिटं हायत ना?"

मग एकवीस वर्षांच्या सवयीनं आनंदाचे हात आपण होऊन कामाला लागले. त्यानं छकड्यातली सगळ्यात मोठी कोरी थैली झटकली. "जिवंत चालतं का?" त्यानं स्वतःलाच विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "चालतं. मधमाशा चालतात. जळवा चालतात. हवा लागली पायजे, बस." चार बायकांनी वेणूला गोधडीवर उचलून छकड्यात निजवलं आणि तिचे पाय थैलीत घालून थैली कंबरेपर्यंत वर ओढली. आनंदानं दोरी सैल बांधली. लाखेचं सील करताना हात भाजला तरी त्याला कळलं नाही. पुठ्ठ्यावर त्यानं लिहिलं: सरकारी दवाखाना, पनवेल. नाजूक. हा भाग वर ठेवावा.

तिकीट त्यानं वेणूच्या कपाळावर लावलं, कुंकवाच्या जरा वर. घामानं ते आपसूक चिकटलं.

"आता मी," हौसा म्हणाली.

"तू कशी? थैली एकच हाय."

"रजिस्टर टपालासंगती तो गुलाबी कागद जातो ना, पोचल्याची सही आणायला? तो मी."

"पोचपावती," आनंदा म्हणाला. नियमात बसत होतं. त्यानं तिच्याही कपाळावर तिकीट लावलं आणि बैलाची शेपटी पिरगाळली.

नियमाप्रमाणे सीलबंद थैली आधी टपाल कचेरीत न्यावी लागते. आनंदाला तेही चुकवायचं नव्हतं. निम्मा नियम मोडला तर सगळाच मोडेल अशी त्याला भीती वाटत होती. छकडा कचेरीपुढं थांबला. पेठे मास्तर बाहेर आले. त्यांनी थैली बघितली, सील बघितलं, वेणूचा पांढराफटक चेहरा बघितला.

"काटेखारची थैली, मास्तर. एक नग. सोबत पोचपावती."

ओळीत उभी असलेली माणसं वळून बघू लागली. मग मास्तर आत गेले आणि तारखेचा शिक्का घेऊन आले. वेणूच्या कपाळाला धक्का लागू नये म्हणून त्यांनी डावा हात तिच्या डोक्यामागं धरला आणि तिकिटावर शिक्का इतका हलका टेकवला, की तारीख अर्धीच उमटली.

"नाशवंत माल इथं का थांबवलास?" ते आनंदावर खेकसले. "नाशवंत माल थेट पत्त्यावर न्यायचा असतो. नियम वाच. चल, नीघ." आणि छकड्यापुढं स्वतः धावत सुटले, भर बाजारातून, अनवाणी, "टपाल, टपाल, बाजूला व्हा," असं म्हणत. लोक बाजूला झाले. टपालाला पनवेलमध्ये मान होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी सही केली, एक थैली सुस्थितीत मिळाली म्हणून. दुपारी दीडच्या सुमाराला मुलगी झाली. वेणू वाचली. हौसा दवाखान्याच्या पायरीवर कपाळावरच्या तिकिटासकट बसून रडली, आणि आनंदा तिच्या शेजारी बसून आपला भाजलेला हात बघत राहिला.

आठव्या दिवशी परत पाठवायची वेळ आली, तेव्हा मास्तरांची अडचण झाली. आला तेव्हा एक नग होता, जाताना दोन. त्यांनी दोन संध्याकाळी नियमांचं पुस्तक चाळलं. शेवटी म्हणाले, "एका लखोट्यात दोन पत्रं घातली तरी तिकीट एकच लागतं. मूल आतून आलेलं आहे. एकच." आणि मुलीला बिनतिकिटाची जाऊ दिली.

त्यानंतर काटेखारचं टपाल वाढत गेलं. खोकल्यानं बेजार झालेला म्हातारा भगवान दवाखान्यात जाऊन आला. शाळेत जाणारी अकरा मुलं रोज जाऊ-येऊ लागली. त्यांच्या पिशव्यांत पुस्तकं असल्यामुळे मास्तरांनी त्यांना छापील मजकुरात धरलं. हौसाची चिंबोऱ्यांची पाटीही छकड्यात चढली, जळवांच्या शेजारच्या कलमाखाली. आणि हे सगळं हौसानं पेरूच्या माणसाला कळवलं, कारण त्याला उत्तर देणं कायद्यानं भाग होतं. त्याचं पत्र आलं, की आमच्याकडे टपाल कचेरीच नाही, तेव्हा आधी काय करावं? ती म्हणाली, "आधी खूप लोकांना पत्रं लिव म्हणावं."

वर्षानं इन्स्पेक्टर सबनीस तपासणीला आले आणि बांधावर त्यांना समोरून छकडा येताना दिसला. आत सात माणसं बसली होती, सातांच्याही कपाळावर तिकीट. आनंदा खाली उतरून उभा राहिला. त्यानं मनातल्या मनात पेन्शनला रामराम केला.

साहेब तसेच मागं फिरून कचेरीत गेले, सगळ्या वह्या मागवल्या आणि चार तास वाचत बसले. पेठे मास्तर समोर उभे होते, आनंदा दाराशी. थैल्या, नग, सह्या, तारखा, पोचपावत्या, सगळं जिथल्या तिथं होतं. मागं-पुढं एक अक्षर नव्हतं. साहेब वाचता वाचता कधी कपाळाला हात लावत, कधी पान मागं उलटून पुन्हा बघत.

"एक चूक आहे," शेवटी ते म्हणाले.

मास्तरांनी टेबलाचा कोपरा धरला.

"बारा ऑगस्ट. भगवान पाटील, वय सत्तर. जातानाच्या तिकिटावर शिक्का मारलेला नाही. हे तिकीट पुन्हा वापरता आलं असतं. पुढं असं होता कामा नये." त्यांनी लाल शाईनं शेरा मारला, सही केली, वही मिटली आणि घड्याळाकडे बघितलं.

"काटेखारला मला आजच पोचायचं आहे," ते आनंदाला म्हणाले. "छकडा किती वाजता निघतो?"

"आता निघंल, साहेब." आनंदा जरा घुटमळला. मग त्यानं पिशवीत हात घातला. "पण तुमाला तिकीट लावावं लागंल."

साहेबांनी टोपी काढली आणि कपाळ पुढं केलं.